हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग: जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो?

हृदयाच्या आतल्या अस्तराला, विशेषतः झडपांना जंतुसंसर्ग झाला की त्या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. मराठीत आपण त्याला झडपेचा जंतुसंसर्ग म्हणू. हा आजार फार सर्वसाधारण नाही, पण झाला तर गंभीर असतो. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी 15 ते 30 टक्के पेशंट आजही यात दगावतात. वेळेत निदान होऊन योग्य अँटिबायोटिक पूर्ण मुदतीपर्यंत मिळाले, तर बहुतेक पेशंट बरे होतात. यातला ‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कोणते औषध योग्य हे जंतूवर ठरते, आणि जंतू कोणता हे पेशंटच्या रक्तातूनच कळते.

वर्धा जिल्ह्यात अशा आजाराची सुरुवात साधारण कशी होते ते पाहू. समजा, हिंगणघाटकडच्या एखाद्या गावातली पस्तिशीची बाई आहे. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. पुढे बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ‘झडपेत दोष आहे’ असे सांगितले होते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिला संध्याकाळी बारीक ताप यायला लागतो. गावातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या की ताप उतरतो, आठवड्याने परत येतो. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे पाच दिवस इंजेक्शने होतात आणि ताप पुन्हा उतरतो. भूक जाते, वजन घटते, कोणी टायफॉइड म्हणते, कोणी टीबी. दीड महिन्याने जिना चढताना दम लागतो तेव्हा ती मोठ्या रुग्णालयात येते. तिथे इको केल्यावर झडपेवर हलणारा गोळा दिसतो, पण रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. ही बाई काल्पनिक आहे, पण या क्रमाने आलेले पेशंट कोणत्याही मेडिकल वॉर्डातल्या डॉक्टरांना नवे नाहीत.

खरे तर वर्धा हा या बाबतीत नशीबवान जिल्हा आहे. सेवाग्रामचे मेडिकल कॉलेज 1969 पासून आहे, ते देशातले पहिले ग्रामीण मेडिकल कॉलेज मानले जाते. सावंगी मेघे येथे दुसरे आहे. दोन्ही वर्धा शहराच्या हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणजे जंतू वाढवून ओळखणारी प्रयोगशाळा आर्वी, हिंगणघाट, कारंजा इथल्या पेशंटला फार लांब नाही. घोटाळा होतो तो प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच्या दोन-चार आठवड्यांत.

झडपेवर नेमके काय होते

दात घासताना, चावताना, एखादी जखम चिघळल्यावर थोडेफार जंतू आपल्या रक्तात जातच असतात. निरोगी माणसाचे शरीर ते काही मिनिटांत साफ करते. झडपेचा पृष्ठभाग खराब असेल (आमवाती तापामुळे, जन्मजात दोषामुळे, वयोमानाने किंवा कृत्रिम झडप बसवल्यामुळे) तर तिथे रक्त गुळगुळीत वाहत नाही. खरखरीत जागेवर प्लेटलेट आणि फायब्रिन यांचा बारीक थर बसतो. त्यात एखादा जंतू अडकला की तो वाढतो, त्यावर आणखी थर बसतो आणि गुठळी तयार होते. तिला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात. इकोवर जो गोळा दिसतो तो हाच.

या गुठळीच्या आत जंतू दाटीवाटीने बसलेले असतात. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी तिथे सहज पोहोचत नाहीत. आतले बरेचसे जंतू सुस्तावलेले, न वाढणारे असतात, आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच चांगली चालतात. लघवीच्या संसर्गाला चार-पाच दिवसांत बरे करणारे औषध इथे चार आठवडे का लागते, त्याचे कारण हे आहे. तीन दिवसांच्या गोळीने रक्तात फिरणारे जंतू मरतात, ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात. गुठळीतले जंतू मात्र जागच्या जागी राहतात.

गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. प्लीहेत, मूत्रपिंडात, पायाच्या रक्तवाहिनीतही तो अडकू शकतो. कमी वयाच्या माणसाला ताप असताना अचानक अर्धांगवायू झाला, तर मेंदूच्या स्कॅनइतकाच हृदयाचा इको महत्त्वाचा असतो.

आधी रक्त, मग गोळी

संशय आला की अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर घ्यायचे असते. एकदा नाही, किमान तीन वेळा, वेगवेगळ्या जागच्या शिरांतून. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलि रक्त लागते. नातेवाईक यावर हमखास नाराज होतात: ‘आधीच अंगात रक्त नाही, त्यात किती काढता?’ तिन्ही वेळचे मिळून रक्त साधारण अर्धा कप भरते. त्याने अशक्तपणा वाढत नाही. उलट कमी रक्त घेतले तर जंतू हाती लागण्याची शक्यता घटते, कारण या आजारात एक मिलि रक्तात जंतू अगदी मोजकेच असू शकतात.

तीन वेळा रक्त घेण्याचे दुसरेही कारण आहे. आपल्या त्वचेवर काही निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस नेहमीच असतात. सुई टोचताना ते बाटलीत गेले तर रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येतो. तीनपैकी एकाच बाटलीत असा जंतू आला तर तो बहुधा त्वचेवरचा. तिन्हींत तोच जंतू आला तर तो रक्तातलाच.

बाटल्या यंत्रात साधारण पाच दिवस ठेवतात. झडपेच्या संसर्गातले नेहमीचे जंतू बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत वाढतात. मग जंतूची ओळख आणि औषधांची चाचणी यांना आणखी एक-दोन दिवस लागतात. पेशंटची प्रकृती बिघडलेली असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत. तिन्ही कल्चर अर्ध्या-एक तासात काढून घेतात आणि अंदाजाने औषध सुरू करतात. रिपोर्ट आला की औषध बदलतात. मध्येच औषध बदलले म्हणजे आधी चूक झाली, असे समजू नका.

आधी अँटिबायोटिक घेतलेले असेल तर कल्चर निगेटिव्ह येण्याची शक्यता खूप वाढते. भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या अभ्यासांत निम्म्याच्या आसपास पेशंटचे कल्चर निगेटिव्ह आले आहे, आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण आधी घेतलेली औषधे हेच आहे. कल्चर निगेटिव्ह आले म्हणजे आजार नाही असे नव्हे. उपचार करता येतात, पण मग डॉक्टरांना दोन-तीन औषधे अंदाजाने द्यावी लागतात. जादा औषधांचे जादा दुष्परिणामही होतात, मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास होऊ शकतो. ज्याला एका साध्या पेनिसिलिनने भागले असते त्याला हे सोसावे लागते.

म्हणून दवाखान्यात येताना आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, इंजेक्शनच्या बाटल्या, जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून आणा. रागावतील म्हणून लपवू नका. कोणते औषध, किती दिवस, शेवटची गोळी कधी, एवढे कळले तरी निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ लावता येतो. पेशंटची प्रकृती स्थिर असेल तर कधी कधी डॉक्टर औषधे एक-दोन दिवस थांबवून पुन्हा कल्चर घेतात. तो निर्णय मात्र भरती असतानाच, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचा असतो.

कोणते जंतू, कुठून येतात

तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस. व्हिरिडन्स गटाचे हे जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. हिरड्या सुजलेल्या, दात किडलेले असले की ते रक्तात वारंवार जातात. विदर्भात खर्रा खाणाऱ्यांच्या हिरड्या डॉक्टरांनी पाहिल्या की हा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हे जंतू झडप हळूहळू खातात, त्यामुळे आजार आठवडे न् महिने रेंगाळतो. वर सांगितलेल्या बाईसारखा. चांगली गोष्ट ही की यातले बरेचसे जंतू अजूनही पेनिसिलिनला दाद देतात. पेनिसिलिन किंवा दिवसातून एकदा द्यायचे सेफ्ट्रायाक्झोन, चार आठवडे, हा नेहमीचा उपचार. काही जंतूंना पेनिसिलिन जास्त मात्रेत लागते, मग सुरुवातीला जेंटामायसिनची जोड देतात. याच घराण्यातला स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलायटिकस निघाला, तर डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला सांगतील. या जंतूचा आतड्यातल्या गाठींशी आणि कॅन्सरशी संबंध आढळतो. हृदयाच्या आजारात आतडे कशाला तपासता, असे म्हणून ती तपासणी टाळू नका.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा त्वचेवरचा आणि नाकातला जंतू. गळू, चिघळलेली जखम, हाताला बरेच दिवस ठेवलेली सलाइनची सुई, डायलिसिसची नळी, असल्या वाटांनी तो रक्तात शिरतो. कपाशीच्या बोंडांनी ओरखडलेली बोटे, पायात मोडलेला काटा पिकून पू झाला तर तीही एक वाट आहेच. हा जंतू चांगल्या झडपेवरही बसू शकतो आणि ती काही दिवसांत फाडू शकतो. इथे ताप बारीक नसतो. थंडी वाजून येतो, पेशंट झपाट्याने खालावतो.

याच जंतूच्या बाबतीत औषधाला दाद देण्या-न देण्याचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. 1940 च्या दशकात पेनिसिलिन आले तेव्हा तो त्याने मरत असे. लवकरच पेनिसिलिन मोडून टाकणारे एन्झाइम बनवणारे ऑरियस रुग्णालयांत पसरले. त्यांच्यासाठी मेथिसिलिन बनवले गेले, तर 1961 मध्ये ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. तेच एमआरएसए. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, 2013 पासून रुग्णालयांच्या जाळ्यामार्फत अशा जंतूंवर लक्ष ठेवते. सेवाग्रामची संस्थाही त्या जाळ्यात आहे. या जाळ्याच्या अलीकडच्या अहवालांत तपासलेल्या ऑरियसपैकी 40 टक्क्यांच्या आसपास एमआरएसए आढळतात. हा आकडा सगळ्या प्रकारच्या संसर्गांचा आहे, फक्त हृदयाचा नाही. तरीही अंदाजाने औषध सुरू करताना डॉक्टर व्हँकोमायसिन का निवडतात, हे त्यावरून समजेल.

एन्टेरोकॉकस. आतड्यातला जंतू. लघवीच्या तक्रारी, प्रोस्टेटचे ऑपरेशन, कॅथेटर यांनंतर, बहुधा वयस्क माणसात. हा चिवट असतो. एकट्या अँपिसिलिनने तो फक्त दबतो, मरत नाही. म्हणून दोन औषधे जोडीने द्यावी लागतात, बहुतेक वेळा सहा आठवडे.

कृत्रिम झडप बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्वचेवरचे एरवी निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस झडपेवर घर करू शकतात. ते बऱ्याचदा मेथिसिलिनला दाद देत नाहीत, आणि प्लास्टिक-धातूवर चिकट थर करून राहतात. तिथे व्हँकोमायसिनबरोबर रिफांपिसिन आणि काही दिवस जेंटामायसिन देतात. रिफांपिसिन हे टीबीचेही औषध असल्यामुळे घरचे घाबरतात, त्यात लघवी नारिंगी होते. इथे ते टीबीसाठी दिलेले नसते. ते एकटे देत नाहीत, कारण एकटे दिले तर जंतू त्याला काही दिवसांतच निर्ढावतो.

यांखेरीज तोंडातला हळू वाढणारा हॅसेक गट आहे, तो बहुधा सेफ्ट्रायाक्झोनने बरा होतो. फार दिवस आयसीयूत राहिलेल्यांत कँडिडा ही बुरशी आढळते, आणि तिला औषधाबरोबर बहुतेकदा ऑपरेशनही लागते. काही जंतू नेहमीच्या बाटलीत एकतर वाढतच नाहीत किंवा फार उशिरा वाढतात: ब्रुसेला, कॉक्सिएला, बार्टोनेला. यातले पहिले दोन जनावरांकडून येतात. आर्वीकडे गवळाऊ गाई पाळणाऱ्यांनी, शेळ्या राखणाऱ्यांनी, गाभण जनावराचा गर्भ पडला तेव्हा वार हाताने काढणाऱ्यांनी, कच्चे दूध पिणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. हे जंतू क्वचितच सापडतात, पण कोणी सांगितले तरच त्यांची वेगळी रक्ततपासणी होते.

सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट

कल्चरच्या रिपोर्टात जंतूच्या नावाखाली औषधांची यादी असते. प्रत्येकासमोर एस, आय किंवा आर यांपैकी एक अक्षर असते. एस म्हणजे नेहमीच्या डोसला जंतू दाद देतो. आर म्हणजे देत नाही. आय म्हणजे मधले, काही औषधांत डोस वाढवला तर चालते. शेजारी एमआयसी नावाचा आकडा असू शकतो. जंतूची वाढ रोखायला त्या औषधाची कमीत कमी किती मात्रा लागली, ते तो सांगतो.

नातेवाईक हा रिपोर्ट फोनवर इकडेतिकडे पाठवतात आणि मग प्रश्न येतात. यातले काही प्रश्न इतके नेहमीचे आहेत की इथेच उत्तर देतो.

‘या औषधाचा आकडा सर्वांत कमी आहे, मग ते का देत नाही?’ दोन वेगवेगळ्या औषधांचे एमआयसी आकडे एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. प्रत्येक औषध रक्तात वेगळ्या प्रमाणात पोहोचते, म्हणून प्रत्येकाची पास-नापासाची रेषा वेगळी. एकाचा 2 हा उत्तम असू शकतो आणि दुसऱ्याचा 1 वाईट. व्हिरिडन्स जंतूसाठी मात्र पेनिसिलिनचा स्वतःचा आकडा फार मोलाचा. तो 0.12 किंवा त्याहून कमी असेल तर साधा उपचार चालतो, त्याच्या वर गेला तर मात्रा, जोड आणि मुदत यांचा नव्याने विचार करतात. सुरुवातीला ‘फक्त एस लिहिलेय, आकडाही द्या’ असे डॉक्टर प्रयोगशाळेला कळवतात ते यासाठी.

‘यादीत दहा औषधांपुढे एस आहे, त्यातले कोणतेही चालेल ना?’ नाही. काही औषधे जंतूला मारतात, काही त्याची वाढ रोखून धरतात आणि मारण्याचे काम पांढऱ्या पेशींवर सोडतात. झडपेच्या गुठळीत पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत, म्हणून इथे मारणारे औषधच हवे. शिवाय ते रक्तात आणि गुठळीत पुरेसे पोहोचायला हवे.

‘डॉक्टर, जरा पावरचं औषध द्या न.’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्यामागची काळजी खरी असते. पण नवे, महाग किंवा ‘शेवटचे’ औषध म्हणजे जास्त प्रभावी, हे इथे चूक ठरते. साध्या ऑरियसला, म्हणजे एमआरएसए नसलेल्याला, क्लॉक्सासिलिन किंवा सेफाझोलिन ही जुनी स्वस्त औषधे व्हँकोमायसिनपेक्षा चांगली मारतात. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी व्हँकोमायसिन थांबवून सेफाझोलिन लावले तर उपचार हलका झाला असे नाही, तो चांगला झाला. रिपोर्टात क्लॉक्सासिलिन किंवा सेफाझोलिनचे नाव नसेल तर सेफॉक्सिटिनपुढचे अक्षर बघा. प्रयोगशाळा एमआरएसए ओळखायला हीच चाचणी वापरते. सेफॉक्सिटिन आर म्हणजे एमआरएसए, आणि मग या गटातली जवळजवळ सगळीच औषधे बाद.

आणखी एक कोडे. एन्टेरोकॉकस सेफ्ट्रायाक्झोनला मुळातच दाद देत नाही, तरी डॉक्टर अँपिसिलिनबरोबर सेफ्ट्रायाक्झोन देतात. चूक नाही. दोन औषधे जंतूच्या भिंतीचे वेगवेगळे भाग अडवतात आणि जोडीने ते करतात जे एकेकट्याला जमत नाही. दुसरी जोडी अँपिसिलिन आणि जेंटामायसिनची. ती चालेल की नाही हे ‘हाय लेव्हल जेंटामायसिन’ अशा वेगळ्या ओळीवरून ठरते. तिथे आर असेल तर जेंटामायसिन देऊन फक्त मूत्रपिंडाचे नुकसान होते, फायदा काही नाही.

पेनिसिलिनची अॅलर्जी आहे असे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती खरी नसते. लहानपणी इंजेक्शननंतर चक्कर आली, उलटी झाली, एवढ्यावरून तो शिक्का बसलेला असतो. नेमके काय झाले होते, किती वेळात झाले, अंगावर गांधी उठल्या का, श्वास कोंडला का, हे आठवून सांगा. उत्तम औषध विनाकारण हातचे जाऊ नये.

जुन्या औषधाची गोष्ट

पेनिसिलिन येण्यापूर्वी हा आजार म्हणजे जवळजवळ मृत्यूच. प्रसिद्ध संगीतकार गुस्टाव्ह मालर यांच्या रक्तात 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी कल्चर करून स्ट्रेप्टोकॉकस शोधला होता. निदान बरोबर होते, पण द्यायला औषध नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. आपल्याकडे 1944 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. त्यांचा आजार वेगळा होता, पण त्यांच्यासाठी पेनिसिलिन विमानाने मागवावे लागले, आणि शेवटी ते दिले गेले नाही. सेवाग्रामचे रुग्णालय पुढे त्यांच्याच नावाने उभे राहिले. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना 1950 च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाल्यावर देशात बनलेले पेनिसिलिन मिळू लागले. त्या कस्तुरबा रुग्णालयात आज एखाद्या पेशंटच्या जंतूपुढे ‘पेनिसिलिन एस’ लिहून आले, की वॉर्डात तो दिवस बरा जातो.

चार ते सहा आठवडे, आणि दिवस कधीपासून मोजायचे

उपचार सुरू झाल्यावर दर एक-दोन दिवसांनी पुन्हा कल्चर घेतात, रक्त साफ झाले हे दिसेपर्यंत. मुदतीचे दिवस पहिल्या इंजेक्शनपासून मोजत नाहीत. पहिले निगेटिव्ह कल्चर ज्या दिवशी घेतले त्या दिवसापासून मोजतात. स्वतःच्या झडपेला साधारण चार ते सहा आठवडे, कृत्रिम झडपेला किमान सहा.

ताप चार-सहा दिवसांत उतरतो आणि तिथेच खरी परीक्षा सुरू होते. शेतात काम पडलेले असते, सोबत राहणाऱ्याची मजुरी बुडत असते, पेशंट उठून बसलेला असतो. ‘घेऊन जातो, गोळ्या द्या’ असा आग्रह होतो. डेन्मार्कमध्ये 400 पेशंटवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, प्रकृती स्थिर झालेल्या निवडक पेशंटना किमान दहा दिवस इंजेक्शने दिल्यावर उरलेली मुदत गोळ्यांवर काढता आली. मात्र त्या गोळ्या दोन-दोन औषधांच्या जोडीने, जंतूच्या सेन्सिटिव्हिटीप्रमाणे निवडलेल्या होत्या आणि पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा तपासले जात होते. म्हणजे गोळ्या अशक्य नाहीत, पण ठरवायचे डॉक्टरांनी. सेफ्ट्रायाक्झोन दिवसातून एकदाच लागत असल्याने शेवटचे काही आठवडे ते तालुक्याच्या रुग्णालयात घेणेही काही पेशंटना जमते. हे आधीच विचारून ठेवा. न सांगता निघून जाणे हा यातला सर्वांत महाग पर्याय ठरतो. उरलेले जंतू परत वाढतात, आणि तोवर झडप आणखी फाटलेली असते.

जेंटामायसिन किंवा व्हँकोमायसिन चालू असताना क्रिएटिनिनची तपासणी ठरलेल्या दिवशी होऊ द्या. लघवी कमी झाली, कानात आवाज येऊ लागले, तोल जाऊ लागला तर लगेच सांगा.

औषध बरोबर असूनही

कधी जंतू दाद देतो, रक्त साफ होते, तरी पेशंट सुधारत नाही. झडप इतकी फाटलेली असते की हृदय थकते, दम वाढतो. किंवा झडपेच्या मुळाशी पू साठतो, किंवा गुठळी मोठी असून तुकडे सुटत राहतात. अशा वेळी मुदत संपण्याची वाट न पाहता ऑपरेशन करावे लागते. त्यासाठी वेळ आली तर नागपूरला न्यायची तयारी ठेवा. हृदयाची बरीच ऑपरेशने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड भरती होतानाच सोबत ठेवून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच आठवड्यात भेटावे. ऑपरेशन ठरल्यावर धावपळ करण्यात दोन-तीन दिवस जातात, आणि ते दिवस हाताशी नसतात. काढलेली झडप पुन्हा कल्चरला पाठवतात, त्यातून कधी कधी रक्तात न सापडलेला जंतू हाती लागतो.

झडपेचा आजार आहे हे माहीत असलेल्यांसाठी

कृत्रिम झडप असलेले, हा संसर्ग पूर्वी होऊन गेलेला आहे असे, आणि निळेपणा आणणारा जन्मजात हृदयदोष असलेले, यांनी दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांवरील उपचारांपूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यायचा असतो. मोठ्यांसाठी तो साधारणपणे अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. दातांच्या डॉक्टरांना झडपेबद्दल आधी सांगा. आमवाती तापामुळे झडप खराब झालेल्या, पण ती बदललेली नसलेल्या पेशंटना हा डोस लागतो का, ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. जे दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतात त्यांच्या तोंडातले जंतू पेनिसिलिनला निर्ढावलेले असू शकतात, म्हणून त्यांना या एका डोससाठी वेगळ्या गटातले औषध देतात. ते इंजेक्शन मात्र चुकवायचे नाही. ते आमवाताचा ताप परत येऊ नये म्हणून असते, त्याचे काम वेगळे आहे.

रोजचे दात घासणे आणि खर्रा सोडणे यांचा फायदा त्या एका डोसपेक्षा जास्त आहे.

झडपेचा दोष माहीत असलेल्या माणसाला कारण न कळता तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला, तर गावात एवढे वाक्य म्हणा: ‘माझ्या झडपेत दोष आहे, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर करायचे आहे.’ ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालते, त्याने कल्चर बिघडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कमरेत इंजेक्शन घेऊ नका. आणि थंडी वाजून ताप, दम, बोलण्यात अडखळणे, हातापायात अचानक अशक्तपणा, यातले काहीही दिसले तर उद्याची ओपीडी नको, त्याच रात्री अपघात विभागात या. येताना जुना इकोचा रिपोर्ट आणि ती रिकाम्या पाकिटांची पिशवी विसरू नका.